रात्रीचा नाका आणि कॉलेजातली आपली मुले



या सदरात आपण बहुधा बी-बियाणे, खते आणि रोग-किडी यांविषयी बोलत असतो. आज थोडी निराळी बाब घेतो. पण तीही आपल्याच घरातली आहे. आपल्या जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतून कितीतरी मुले-मुली शिक्षणासाठी जालना, अंबड, बदनापूर, परतूरला जातात. कोणी खोली करून राहतो, कोणी रोज ये-जा करतो. पूर्वी शेवटची एस.टी. चुकली की मुलगा स्टँडवरच रात्र काढायचा. आता घरोघरी मोटारसायकल आली. एस.टी.चे बंधन सुटले, आणि त्याबरोबर मुलांचे रात्री-अपरात्री रस्त्यावर असणेही वाढले.

शहरातली मंडळी म्हणतील, रात्री कशाला फिरावे? त्यांना आपली अडचण ठाऊक नसते. अजूनही बऱ्याच फिडरवर शेतीपंपाची लाइट पाळीपाळीने येते. काही दिवस दिवसा, तर काही दिवस रात्री. रब्बीत हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचे तर लाइट येईल तेव्हाच जावे लागते. घरात बाप आजारी असला की कॉलेजातला मुलगा रात्रीच गाडीला किक मारून गावाकडे निघतो. तो हौसेने हिंडत नसतो, कामाला निघालेला असतो. पण नाक्यावरच्या पोलिसाला ते कपाळावर लिहिलेले दिसत नाही.

गेल्या रब्बीत घनसावंगी तालुक्यातल्या एका गावी हरभऱ्याचे प्लॉट पाहत असताना एका शेतकऱ्याने आपल्या मुलाची हकीगत सांगितली. नावगाव मुद्दाम देत नाही.

मुलगा वीस वर्षांचा, जालन्याला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकणारा. बापाला चार दिवस ताप. विहिरीवरच्या मोटारीची केबल जळालेली आणि त्या आठवड्यात लाइटची पाळी रात्री बाराची. मुलाने जालन्यातून केबल आणि स्टार्टरचे थोडे सामान घेतले, पोत्यात बांधले आणि गावच्याच मित्राला मागे बसवून रात्री साडेदहाला निघाला. दुकानदाराने पक्की पावती दिली नव्हती. कच्ची चिठ्ठी होती, तीही खोलीवर राहिली. वाटेत एका नाक्यावर बॅटरीचा झोत तोंडावर आला.

"गाडी बाजूला घे. काय करायलास इतक्या राती? पोत्यात काय आहे?"

"साहेब, केबल आहे. मोटारीची."

"कोणाच्या विहिरीवरून काढलीस?"

पोरगा गडबडला. परवाना खिशात होता, पण गाडीचे कागद घरी. विमा तर संपलेला. मागचा मित्र कानाशी कुजबुजला, "चल, गाडी वळव, पळू." याने सांगितले, "पळालो तर चोरच ठरू." तेवढ्यात एका शिपायाने चावी काढून घेतली, दुसऱ्याने गचांडी धरली. मुलाच्या मोबाईलची बॅटरी संपत आली होती. त्याने घाई न करता एवढेच म्हटले, "साहेब, मी पळत नाही. मला घरी एक फोन करू द्या."

बाप तापात उठला आणि पोलीस पाटलाच्या दारात गेला. पोलीस पाटलाने नाक्यावरच्या जमादाराशी फोनवर बोलून सांगितले, की मुलगा आमच्या गावचा आहे, केबल जळाल्याचे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मग जमादाराचा आवाज खाली आला. विम्याचे चलन फाडून सव्वाबाराला दोघांना सोडले.

मी म्हटले, "थोडक्यात निभावले म्हणायचे." तो शेतकरी म्हणाला, "साहेब, दंडाचं काई नाई. पण पोरगं घरी आलं तवा त्याचे हात थरथरत होते. तशाच हातानं त्यानं अंधारात केबल जोडली. मला दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटली."

या बोलण्यातली भीती आपल्यापैकी प्रत्येकाला कळेल. म्हणून या प्रसंगाकडे दोन्ही बाजूंनी पाहू.

पहिली गोष्ट, तो नाका तिथे का होता? त्या भागात विहिरींवरून मोटारी आणि केबली चोरीला जात होत्या, म्हणून गावकऱ्यांनीच पोलिसांकडे अर्ज दिला होता. आपणच रात्रीची गस्त मागायची आणि आपल्याच पोत्याची चौकशी झाली की रागवायचे, हे बरोबर नाही. विचारपूस करणे हे पोलिसाचे कामच आहे. पण विचारपूस वेगळी आणि गचांडी धरणे वेगळे. पहिल्याला कायद्याचा आधार आहे, दुसऱ्याला नाही.

कायदा काय सांगतो ते थोडक्यात पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १३० प्रमाणे गणवेशातील पोलिसाने मागितला तर चालकाने परवाना दाखवलाच पाहिजे. कागदपत्रे घरी असली तरी आता अडत नाही. २०१८ पासून परवाना, नोंदणी, विमा आणि पीयूसी मोबाईलवर डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमध्ये दाखवले तरी नियमाने चालतात. मात्र मोबाईलला चार्जिंग हवे, हे या हकीगतीवरून ध्यानात आलेच असेल. पोलिसाने परवाना जप्त केला तर कलम २०६ प्रमाणे त्याची तात्पुरती पोच द्यावी लागते. गाडी अडकवून ठेवायची कारणेही कलम २०७ मध्ये ठरवून दिली आहेत. चालकाला परवाना नसणे, चालक अल्पवयीन असणे, गाडीची नोंदणी नसणे, अशी ती आहेत. म्हणून कागद घेतला तर पोच मागावी, दंड घेतला तर चलन मागावे. चलनाशिवाय हातात ठेवलेला पैसा हा दंड नव्हे. तशी मागणी झाली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर आहे.

थांबवून चौकशी करणे वेगळे आणि अटक करणे वेगळे. अटकेविषयीचे नियम आज स्पष्ट आहेत, पण ते आपोआप आलेले नाहीत. मुंबईच्या पोलीस कोठड्यांत स्त्रियांना मारहाण होते, असे शीला बर्से या पत्रकार बाईंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्राने कळवले. न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानून १९८३ मध्ये महाराष्ट्र सरकारला आदेश दिले. पुढे १९८६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या जोडून असेच पत्र लिहिले. त्यावर डिसेंबर १९९६ मध्ये निकाल लागला आणि अटक करताना काय पाळायचे याचे नियम साऱ्या देशाला लागू झाले. सरळ भाषेत लिहिलेल्या पत्राची ताकद किती असते, हे आपण शेतकऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

हेच नियम आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहेत. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे. अटकेचा पंचनामा करून त्यावर साक्षीदाराची सही घ्यावी लागते. अटकेचे कारण सांगावे लागते आणि घरच्यांना किंवा मित्राला कळवावे लागते. चोवीस तासांच्या आत मजिस्ट्रेटसमोर उभे करावे लागते. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अगदीच अपवादाचे कारण असेल तर महिला पोलीस अधिकाऱ्याने मजिस्ट्रेटची आगाऊ परवानगी घ्यावी लागते. कॉलेजात जाणाऱ्या मुलींना हे जरूर सांगून ठेवा.

आता दुसरी बाजू. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका धनवान घरातल्या सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीने मोटारसायकलला उडवले. मोटारसायकलवरची दोन तरुण इंजिनिअर मुले, एक मुलगा आणि एक मुलगी, जागीच गेली. दोघेही मध्य प्रदेशातून नोकरीसाठी आलेले. त्या अल्पवयीन मुलाला बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन दिला, आणि अटींमध्ये अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितले. देशभर संताप उसळला. मग मुलाच्या बापाला अटक झाली. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली. वरिष्ठांना वेळेवर कळवले नाही म्हणून दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले.

हे इथे सांगायचे कारण एवढेच, की मोटारीखाली सापडलेली मुले मोटारसायकलवर होती, आणि आपली मुलेही मोटारसायकलवरच असतात. त्या रात्री वाटेत एखाद्या नाक्याने ती मोटार अडवली असती, तर दोन घरे वाचली असती. रात्रीचा नाका आपल्या मुलाच्या जिवासाठीही असतो. म्हणूनच तो सर्वांना सारखा असावा, पोत्यात केबल नेणाऱ्यालाही आणि भारी मोटारवाल्यालाही, असे आपण ठणकावून म्हणू शकतो. पण तसे म्हणण्यासाठी आधी आपले कागद सरळ हवेत.

आणि इथेच आपली बाजू लंगडी पडते. त्या मुलाच्या गाडीचा विमा का संपला होता? सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारसायकलीबरोबर पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीने मिळतो. पाच वर्षे कोणी विचारत नाही, त्यामुळे सहाव्या वर्षी विमा संपल्याचे ध्यानातच राहत नाही. विम्याशिवाय गाडी चालवल्यास पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. पण ते किरकोळ समजा. अशा गाडीने कोणाचा जीव गेला किंवा हातपाय गेला, तर भरपाई गाडीमालकाच्या अंगावर येते. शेतकऱ्याच्या अंगावर आलेले देणे शेवटी कशावर जाते, हे मी सांगायला नको. जमिनीच्या सातबाऱ्याइतकाच विम्याचा कागद जपावा.

तसेच अठरा वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातात गियरची मोटारसायकल देऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९अ आले. त्याप्रमाणे अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. "जरा दुकानातून खत घेऊन ये" म्हणून दहावीतल्या पोराला गाडीवर पाठवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आता घरातल्या मुलामुलींना समोर बसवून पुढील गोष्टी सांगा.

१. रात्री इशारा झाला की गाडी हळू करून उजेडात, रस्त्याच्या कडेला थांबवावी. गाडी वळवून पळू नये. पळणारा माणूस संशयित ठरतो, आणि अंधारात बिनारिफ्लेक्टरच्या उसाच्या ट्रॉलीवर आदळून जीवही जातो.

२. इंजिन बंद करावे, हात दिसतील असे ठेवावेत. आवाज चढवू नये, उद्धट बोलू नये आणि लाचारीही करू नये. कुठून आलो, कुठे चाललो, कशासाठी, हे खरे आणि थोडक्यात सांगावे.

३. शेतीचे सामान नेत असाल तर पक्की पावती बरोबर ठेवावी. केबल, मोटार, स्टार्टर, औषधे, खते, काहीही असो. दोन रुपये वाचवण्यासाठी कच्च्या चिठ्ठीवर माल घेऊ नये. बियाणे खराब निघाले तर तक्रारीलाही तीच पावती लागते, हे मी नेहमीच सांगत आलो आहे.

४. गावच्या पोलीस पाटलाचा नंबर मोबाईलमध्येच नव्हे, तर कागदावर लिहून पाकिटात ठेवावा. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम १९६७ प्रमाणे पोलीस पाटील हा गाव आणि ठाणे यांच्यामधला दुवा आहे. त्याचा एक शब्द अशा वेळी फार कामाचा ठरतो.

५. हेल्मेट घालावे, तिघे बसू नये, दारू पिऊन गाडीला हात लावू नये. या तीन गोष्टी पाळल्या तर नाक्यावरचे निम्मे प्रश्न विचारलेच जात नाहीत.

६. अपमान किंवा मारहाण झाली तर तिथेच भांडू नये. नावाची पट्टी, वेळ, ठिकाण आणि गाडीचा नंबर ध्यानात ठेवावा. जखम असेल तर त्याच रात्री सरकारी दवाखान्यात दाखवून नोंद करून घ्यावी. सकाळी पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. जालन्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेला कोणीही, यांना उत्पन्न न पाहता तिथे मोफत वकील मिळतो. फोन १५१०० आहे. तातडीच्या मदतीसाठी ११२ आहेच.

पोलीस बांधवांनाही एक विनंती. आपल्यापैकी बरेच जण शेतकऱ्यांचीच मुले आहात. नाक्यावरचा पोरगा चोर आहे की पाण्याच्या पाळीला निघालेला आहे, हे त्याच्या पायांच्या चिखलावरून आणि हातांच्या घट्ट्यांवरून आपल्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार? चौकशी पूर्ण करा, पण त्याला घरी जाऊन अंधारात मोटार चालू करायची आहे, हेही ध्यानात असू द्या.

आणि घरच्यांनो, मुलगा अशा प्रसंगातून परतला तर आधी त्याला पाणी द्या, बसवा, काय झाले ते पूर्ण ऐकून घ्या. "तूच काहीतरी केलं असशील" हे वाक्य तोंडातून काढू नका. त्या रात्री विजेच्या कामाला त्याचा हात लावू देऊ नका. हरभऱ्याचे एक पाणी दोन दिवस उशिरा बसले तर पीक तेवढे सोसते.

येत्या रविवारी गाडीचे कागद काढून विम्याची तारीख पाहा आणि ती कॅलेंडरवर, पेरणीच्या तारखेशेजारीच, लिहून ठेवा.