रात्र कुणाच्या मालकीची?

पॅरिसच्या रात्रीची वर्णने आपण सर्वांनीच कुठे ना कुठे वाचलेली असतात. छपरावर तांबडी पवनचक्की मिरवणारे, १८८९ साली सुरू झालेले ‘मूलाँ रूज’, सीन नदीचे उजळलेले काठ, रस्त्यावर मांडलेल्या टेबलांभोवती रंगलेल्या गप्पा! भांडुपच्या डोंगरउतारावर एका खोलीत राहणाऱ्या माणसाला याचा हेवा वाटला तर नवल ते काय? परंतु मित्रहो, हेवा करण्यासारखी खरी गोष्ट वेगळीच आहे.

२००२ पासून त्या शहरात वर्षातून एक रात्र ‘न्वी ब्लांश’ म्हणून साजरी होते. शब्दशः ‘पांढरी रात्र’, म्हणजेच जागून काढलेली रात्र. त्या रात्री रस्तोरस्ती कलाकृती मांडतात, काही संग्रहालयेही उघडी राहतात आणि पाहणाऱ्याला पैसे पडत नाहीत. शिवाय मेट्रो बंद झाल्यावर ‘नोक्तिलियाँ’ नावाच्या बस २००५ पासून उपनगरांपर्यंत धावतात. करमणुकीइतकाच परतीचाही विचार तेथे झाला आहे.

आपल्याकडे जानेवारी २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुंबईच्या अनिवासी भागांतील मॉल, उपाहारगृहे व चित्रपटगृहे रात्रभर उघडी ठेवण्यास मंजुरी दिली. लगेच दोन तट पडले. एक म्हणे, मुंबई आता जगातल्या मोठ्या शहरांच्या पंक्तीला बसणार. दुसरा म्हणे, संस्कृती बुडणार! मला दोन्ही पटत नाही. रात्रीचा आनंद ही जर परकी चैन असती, तर सिंधुदुर्गातल्या जत्रांत मध्यरात्रीनंतर सुरू होणारा दशावतार पहाटेपर्यंत रंगला असता काय? पोरांना मांडीवर निजवून आपण तो कसा पाहत असू, हे माझी आजी आजही सांगते. तिची संस्कृती काही बुडाली नाही. मात्र देऊळ तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होते.

आम्हां भांडुपकरांना नाटक पाहायचे तर मुलुंडचे कालिदास, नाहीतर दादरचे शिवाजी मंदिर. रात्रीचा प्रयोग सुटेपर्यंत मध्यरात्र जवळ येते. मग लोकल, मग रिक्षाची रांग, मग टेंभीपाड्याचा चढ. कॉलेजची पायरी चढलेली मी आमच्या घरातली पहिलीच. अभ्यासाला लावलेल्या नाटकावर परीक्षेत चार पाने लिहिते, परंतु रात्रीचा एकही प्रयोग मी पाहिलेला नाही. आई नाटकाला नावे ठेवत नाही. ती एवढेच विचारते, “अगं, पण परत येशील कशी?”

२०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने, रात्री साडेनऊनंतर काम करणाऱ्या स्त्रीला घराच्या दारापर्यंत पोहोचवण्याची सोय करणे मालकावर बंधनकारक केले आहे. तरतूद चांगलीच आहे. पण रात्री राबणारी स्त्री ज्यांना दिसली, त्यांना रात्री नाटक पाहून हसत घरी निघालेली स्त्री का दिसू नये? आणि पुरुषांचे तरी काय? आमच्या शेजारचा एक तरुण लोअर परळच्या हॉटेलात वाढप्याचे काम करतो. दुसऱ्यांची रात्र रंगवून झाली की तो पहाटे चारच्या सुमारास सुटणाऱ्या पहिल्या लोकलची वाट पाहत बसतो. शहराची रात्र त्याच्या वाट्याला येते ती अशी.

म्हणून दुकाने किती वाजेपर्यंत उघडी ठेवावीत, हा वाद तूर्त बाजूला ठेवावा. शेवटच्या लोकलनंतर उपनगरांत धावणाऱ्या पुरेशा बस हव्यात, स्टेशनपासून वस्तीपर्यंत दिवे हवेत आणि पालिकेच्या शाळांच्या सभागृहांत संध्याकाळी सहाला उघडून नऊला पडणारे पडदे हवेत. यासाठी पॅरिसची श्रीमंती लागत नाही. आपल्या कॉलेजच्या नाट्यमंडळाने असा पहिला प्रयोग भांडुपच्या एखाद्या शाळेत करून दाखवावा. पहिल्या रांगेत मी आईला घेऊन बसेन.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला