मोडीच्या भावाने

जुन्या वस्तूंच्या बाजारातून परत आलेला मनुष्य घरी प्रथम काय सांगतो? वस्तू कोणती, हे तो मागाहून सांगतो; आधी सांगतो तो तिची किंमत. "एवढा मोठा पितळी लामणदिवा! कितीला पडला असेल, ओळखा पाहू!" ऐकणाऱ्यांनी दुप्पट-तिप्पट आकडा सांगावा आणि मग त्याने खरा आकडा सांगून सर्वांना थक्क करावे, असा हा ठरलेला खेळ आहे. स्वस्तात मिळाल्याचा आनंद कोणाला होत नाही? परंतु जुन्या वस्तूंच्या बाबतीत हा आनंद सर्वांत हलक्या प्रतीचा होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरत आला आहे, आणि मुंबईचा चोरबाजार तर परदेशी प्रवाशांनाही ठाऊक आहे. सातारा-सांगलीकडे एवढा नावाजलेला बाजार नाही. इकडे जुन्या वस्तू भेटतात त्या आठवड्याच्या बाजारात, दोरखंडे आणि मडकी विकणाऱ्यांच्या पलीकडे, पोत्यावर मांडलेल्या ढिगात. नाहीतर भंगारवाल्याच्या अंगणात. नाहीतर तांबटाच्या दुकानी, मोड म्हणून तराजूत पडण्याची वाट पाहत. त्या ढिगात काय नसते! किल्ली हरवलेली कुलपे, काच फुटलेले कंदील, कल्हई उडालेली पातेली, अडकित्ते, घंगाळे, आरसा निखळलेल्या फणी-करंड्याच्या पेट्या, बोरूची दौत. एखाद्या डबीत मधोमध भोक असलेला पैसा सापडतो. महायुद्धाच्या दिवसांत, १९४३ साली, धातू वाचावा म्हणून सरकारने तो काढला होता. तेव्हा रुपयाचे चौसष्ट पैसे होत. शंभर झाले ते १ एप्रिल १९५७ पासून. हा सारा इतिहास त्या एका भोकातून दिसतो. मात्र तो दिसावयास पाहणाऱ्याला थोडे आधी ठाऊक असावे लागते.

माझ्या म्हणण्याचा मुद्दा हाच आहे. एक उदाहरण घ्या. ढिगात एक लोखंडी डबा आहे, उभट, झाकण नसलेला, काठाला पट्टी मारलेला. विकणारा म्हणतो, "पेना ठेवायला घ्या, साहेब." गिऱ्हाईक घासाघीस करून तो घेते आणि घरी नेऊन त्यात खरोखरच पेना ठेवते. वस्तू स्वस्त मिळाली, परंतु मिळाली काय? तो डबा म्हणजे मापटे. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, या हिशेबाने आपल्या गावांतील सारे धान्य मोजले जात असे. खळ्यावर रास मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. पुढे मग दोन, तीन, चार. बलुतेदारांचा वाटा याच मापाने पडे. मापट्याला माथ्यावर शीग ठेवावयाची की हाताने सपाट करावयाचे, यावरून देणाऱ्याची दानत कळे. १९५६ च्या कायद्यानंतर किलोग्रॅम आणि लिटर आले, ते सोयीचे आहेत आणि यावयासच हवे होते. पण ज्याला हे काही ठाऊक नाही त्याने एक लोखंडी डबा विकत घेतला. ज्याला ठाऊक आहे त्याने मापटे घेतले. पैसे दोघांनीही सारखेच मोजले.

पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे कवी होते. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला, आणि तोही कसल्या वस्तूंचा? राजांच्या मुकुटांचा नव्हे. दिवे, अडकित्ते, दौती, कुलपे, स्वयंपाकघरातील भांडी अशा नित्याच्या वापरातील वस्तू त्यांनी गावोगाव फिरून, प्रसंगी पदरमोड करून मिळविल्या. त्यांचा राजा नावाचा मुलगा अकाली गेला. त्याच्या स्मरणार्थ त्यांनी संग्रहालय उभे केले आणि पुढे ते महाराष्ट्र राज्याला देऊन टाकले. आज पुण्यात 'राजा दिनकर केळकर संग्रहालय' पाहावयास गेले म्हणजे एक अडकित्ता किती तऱ्हांनी घडविता येतो, हे पाहून मन थक्क होते. यांतील कितीतरी वस्तू त्या काळच्या शहाण्या माणसांनी अडगळ म्हणून बाजूस सारल्या असतील.

सातारा जिल्ह्यातील औंधला यमाईच्या डोंगरावर असेच एक नामांकित संग्रहालय आहे. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ साली उघडले. राजा रविवर्म्याचे चित्र आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूर याने घडविलेली आई व मूल यांची दगडी मूर्ती तेथे पाहावयास मिळते. आता गंमत पाहा. याच औंधच्या राजाने लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळच्या ओसाड माळावर जागा दिली आणि १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली. ती आज सांगली जिल्ह्यात आहे. लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनते, अशी त्या काळच्या शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे किर्लोस्करांचे नांगर आरंभी कोणी घेईना. पुढे तेच नांगर गावोगाव गेले, आणि आता ट्रॅक्टरच्या काळात ते भंगाराच्या ढिगात गंजत पडलेले दिसतात. रविवर्म्याच्या चित्राला जपणारे आपण या नांगराला मात्र किलोच्या भावाने विकतो. मला विचाराल तर दोन्ही एकाच राजाच्या दूरदृष्टीची फळे आहेत, आणि इकडच्या एखाद्या शाळेने असा एक नांगर दाराशी मांडून ठेवावयास काहीच हरकत नाही.

भांड्याची मोड वितळली तर निदान दुसरे भांडे होते. कागदाचे तसे नाही. वाई येथे सापडलेल्या जुन्या कागदांवरून इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ साली छापला. पानिपतावर १७६१ साली जे घडले त्याच्या आधीच्या दहा-अकरा वर्षांतील पत्रे त्यात आहेत. मिरजेला वासुदेवशास्त्री खरे या शिक्षकांनी पटवर्धन सरदारांची दप्तरे चाळून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सिद्ध केला. साताऱ्याचे द. ब. पारसनीस यांनी जन्मभर हेच काम केले. हे कागद मोडी लिपीत होते. मोडी वाचणारे घरात उरले नाहीत म्हणजे घरच्यांना ती रद्दी वाटते, आणि मोडीतील कागद मोडीच्या भावाने जातो! सातारा जिल्ह्यात ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाने जुनी घरे पाडली. सांगलीत २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी घरोघरचे भिजलेले सामान रस्त्यावर आणले. भूकंपापुढे आणि कृष्णामाईपुढे माणसाचे काही चालत नाही. परंतु कोरड्या माळ्यावर सुखरूप असलेले रुमाल आपण होऊन रद्दीवाल्याला घालणे, हे संकट आपलेच आहे. असे बाड दिसले तर त्याचा भाव करीत बसू नये. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे, नाहीतर जवळच्या मोडी जाणणाऱ्याकडे ते पोचवावे. हे मंडळ १९१० साली याच कामासाठी स्थापन झाले.

काही जण म्हणतील, विकणाऱ्याला पोट आहे, त्याला इतिहासाशी काय कर्तव्य? हे म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच घासाघिशीलाही मर्यादा असावी. पोत्यावर बसलेल्या त्या म्हाताऱ्याला वस्तूची खरी योग्यता ठाऊक नाही आणि आपल्याला आहे, अशा वेळी त्याच्या अज्ञानावर नफा मिळवून वर त्याचीच गोष्ट मित्रांना हसत सांगणे, याला मी हुशारी म्हणत नाही. उलट हाही अनुभव येतोच, की विकणाराच वस्ताद निघतो. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' अशी अक्षरे असलेली तांब्याची शिवराई म्हणून कालपरवा पाडलेले नाणे तो भाबड्या गिऱ्हाइकाच्या हाती ठेवतो. खरी शिवराई मिळाली तरी तिला चिंच आणि राख लावून घासू मात्र नये. लकाकी येते, पण अक्षरे झिजतात.

आणि काही वस्तू अशा, की फुकट मिळाल्या तरी घेऊ नयेत. देवळातून उखडलेली मूर्ती, गावच्या वेशीवरील वीरगळाचा तुकडा, ताम्रपट; अशी वस्तू पोत्यावर आली ती कोठून आली, हा प्रश्न आधी विचारावा. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती ही पुरावस्तू ठरते; तिची सरकारात नोंद करावी लागते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. जमिनीत सापडलेल्या गुप्तधनाची वर्दी जिल्हाधिकाऱ्याला द्यावी, असा कायदा तर १८७८ पासून आहे. वीरगळ गावाच्या वेशीवर असतो तोवर गाईंसाठी किंवा गावासाठी लढून पडलेल्या कोणा वीराची आठवण असतो. दिवाणखान्यात आणला की नुसता कोरीव दगड होतो.

जी वस्तू निर्धास्तपणे घेता येते ती अवश्य घ्यावी; मुलांनी तर घ्यावीच, खाऊच्या पैशांत बसेल तेवढी. फक्त घेताना विकणाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्या: हिला काय म्हणतात, ही कशाला वापरीत, आणि ही कोणत्या गावाहून आली. विकणाऱ्याला सांगता आले नाही, तर जवळपास एखादी आजी भाजी घेत उभी असतेच, तिला विचारावे. ती वस्तू हातात घेऊन उलटी-सुलटी करील आणि बहुधा विचारल्यापेक्षा अधिकच सांगेल. मग ते सारे एका चिठ्ठीवर दिनांकासह लिहून वस्तूबरोबर ठेवावे. चिठ्ठीत किंमत लिहिली नाही तरी चालेल.