रोजनिशीचें औषध

अभिप्रायासाठीं आमच्याकडे हल्लीं जीं पुस्तकें येतात त्यांत न लिहिलेल्या पुस्तकांचा एक नवाच वर्ग निघाला आहे. गुळगुळीत पुठ्ठा, आंत कोरीं पानें, प्रत्येक पानाच्या माथ्यावर एक सुभाषितवजा वाक्य, आणि खालीं 'आज मला ज्यांबद्दल कृतज्ञता वाटते अशा तीन गोष्टी' म्हणून तीन रेघा. प्रस्तावनेंत आश्वासन असें, कीं हीं पानें नेमानें भरणाऱ्याची निद्रानाश, रक्तदाब, मधुमेह आणि सांधेदुखी यांपासून सुटका होईल. कोऱ्या पानांवर अभिप्राय द्यावा तरी काय? प्रस्तावनेवर मात्र तो देणें भाग आहे. कारण या वह्यांच्या पाठोपाठ शिबिरें निघालीं आहेत. तेथें लोक वर्तुळांत बसून आपलें दुःख मोठ्यानें वाचतात, टाळ्या घेतात, आणि त्याचीं छायाचित्रें सायंकाळच्या आंत शेंकडों मोबाइलांवर जाऊन पोंचतात. एका साध्या आणि खऱ्या गोष्टीचा असा बाजार मांडलेला पाहून आम्हांस गप्प बसवत नाहीं.

गोष्ट खरी आहे, हें प्रथमच सांगून टाकतों. अमेरिकेंत डॅलस येथील विद्यापीठांत जेम्स पेनेबेकर व सँड्रा बील यांनीं ४६ विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग १९८६ सालीं प्रसिद्ध झाला. लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटें लिहावयाचें. कांहींनीं पायांतले बूट, बसण्याची खोली असल्या क्षुल्लक विषयांवर लिहिलें. इतरांनीं आयुष्यांतल्या अत्यंत क्लेशकारक प्रसंगावर. घडलेली हकीकत आणि त्या वेळची मनाची स्थिति हीं दोन्ही ज्यांनीं कागदावर उतरविलीं, त्यांच्या दवाखान्याच्या खेपा पुढल्या सहा महिन्यांत इतरांहून कमी झाल्या. परंतु लिहून उठतांच त्या बिचाऱ्यांस बरें वाटलें नव्हतें! मन अधिक खिन्न झालें होतें, रक्तदाबही चढला होता. लिहितां लिहितां असह्य झालें तर थांबावें, असें पेनेबेकर स्वतःच बजावतात. आमच्या वहीवाल्यांनीं नेमका हा भाग गाळला. काढ्यांतील कडू मुळ्या काढून टाकून ते साखरेचें पाणी विकीत आहेत, आणि बाटलीवर नांव मात्र काढ्याचें ठेविलें आहे.

पुढें १९९९ सालीं अमेरिकन वैद्यकसंघाच्या नियतकालिकांत दमा व आमवात यांच्या ११२ रोग्यांचा वृत्तान्त आला. क्लेशकारक प्रसंगाविषयीं तीन दिवस वीस वीस मिनिटें लिहिणाऱ्यांपैकीं शेंकडा ४७ जणांस चार महिन्यांनंतर दखल घेण्याजोगा उतार पडलेला आढळला. दिवसाचे बेत लिहिणाऱ्यांत हें प्रमाण शेंकडा २४ होतें. मात्र हे सर्व रोगी आपापलें नेहमींचें औषध घेतच होते. दम्यावर २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका परीक्षेंत तर तसा गुण दिसला नाहीं. आणि २००६ सालीं अशा १४६ प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडण्यांत आला, तेव्हां लाभ निघाला खरा, पण लहान. वैद्याच्या उपचारास जोडून मिळणारा हा एक बिनखर्ची हातभार आहे. त्याला औषध म्हणणें ही शुद्ध फसवणूक होय.

कोणी म्हणेल, अतिशयोक्तीनें कोणाचें काय बिघडलें? बिघडतें तें रोग्याचें. जिची साखर वही भरूनही उतरत नाहीं, तिला सांगण्यांत येतें कीं, बाई, तुम्ही मनापासून लिहिलें नाहीं. रोगाच्या भारावर हा अपराधाचा भार! आणि वहीवर भिस्त ठेवून उद्यां तिनें इन्सुलिन टाळलें, तर प्रस्तावनाकार तिच्या उशाशीं बसावयास येणार आहेत काय?

लिहिण्यानें गुण येतो तो कां येतो, याचा विचार निदान साहित्याच्या मासिकानें तरी करावयास हवा. १९९७ सालीं पेनेबेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा लेखांतील शब्दच मोजले. ज्यांच्या लेखनांत दिवसागणिक 'कारण', 'म्हणून', 'आतां उमगलें' अशा जातीचे शब्द वाढत गेले, त्यांना लाभ अधिक झाला. पहिल्या दिवशींचा नुसता आक्रोश चौथ्या दिवशीं हकीकत होतो. तिला आरंभ, मध्य आणि कार्यकारणभाव येतो. तीन ओळींच्या कृतज्ञतेंत हें कोठून घडणार? तेथें आक्रोशालाच मज्जाव! रमाबाई रानडे यांच्या आठवणी न्यायमूर्तींच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनीं, १९१० सालीं, प्रसिद्ध झाल्या. त्या लिहितांना त्यांचें मन हलकें झालेंही असेल. पण तें पुस्तक वाचकासाठीं आहे, त्यांत निवड आहे, मर्यादा आहे. आम्ही ज्या लिहिण्याविषयीं बोलत आहों त्याला वाचक नसावाच लागतो. ज्या कागदावर दुसऱ्याची नजर पडणार, त्यावर मनुष्य शहाण्यासारखें लिहितो. आणि शहाण्यासारखें लिहिलेलें दुःख जेथल्या तेथेंच राहतें. प्रयोगांत लिहिणारांस गुप्ततेची हमी दिली होती, व्याकरण-शुद्धलेखनाची पर्वा करूं नका असें सांगितलें होतें, तें उगीच नव्हे.

आतां ही हमी आमच्या घरांत कोण देतो? दागिन्यांच्या डब्याला कुलूप असतें, सुनेच्या वहीला नसतें. साड्यांच्या घडींत सांपडलेली वही जाऊबाईंनीं उघडावी, सासूबाईंनीं "वाच पाहूं मोठ्यानें" म्हणावें, आणि रात्रीं नवऱ्यानें जबाब घ्यावा, हा प्रकार ज्यांना अपरिचित वाटतो ते भाग्यवानच म्हणावयाचे. वही सोडून मोबाइलांत लिहावें, तर बायकोचा फोन नवरा तपासतो आणि मुलीचा बाप. त्याला काळजी असें गोड नांव आहे! अशा घरांतील बाईस 'लिहा, बऱ्या व्हाल' असा उपदेश करणाऱ्यानें आधीं तिला एक कुलुपाचा खण मिळवून द्यावा. तो मिळत नसेल तर लिहून होतांच कागद फाडून पाण्यांत भिजवावा, लगदा करावा, असें तरी सांगावें. परंतु लगद्याचें छायाचित्र शिबिराच्या जाहिरातींत शोभत नाहीं.

शाळांची गोष्ट तर याहून वाईट. मुलांच्या मनःस्वास्थ्यासाठीं म्हणून कित्येक ठिकाणीं रोजनिशी लिहावयास लावतात, आणि आठवड्याच्या शेवटीं ती तपासावयास मागतात. 'बाबांनीं काल आईला मारलें' या वाक्यांतील ऱ्हस्वदीर्घ लाल शाईनें सुधारून खालीं 'अक्षर चांगलें काढ' असा शेरा मिळाल्यावर तो मुलगा पुढच्या आठवड्यापासून 'सकाळीं उठलों, दांत घासले, शाळेंत गेलों' एवढेंच लिहूं लागतो, आणि त्याला दहापैकीं आठ गुण पडतात. आपल्या घरचें दुःख शिक्षकांच्या कानांवर घालावयाचें असेल तर त्या मुलाला तें तोंडानें सांगण्याइतका धीर आणि एकांत द्यावा. वहीच्या आडून तें काढून घेऊं नये. गुण द्यावयाचेच असतील तर निबंधास द्यावे, आणि रोजनिशीची वही न उघडतां मुलाला घरीं नेऊं द्यावी, एवढी आमची मुख्याध्यापकांस विनंति आहे.