बाळंतिणीच्या मनाचा पंचनामा कोण करणार?

९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागली. १० अर्भके दगावली, ७ बाळांना वाचवण्यात यश आले. त्यानंतर सारे रीतसर पार पडले. मंत्री आले, चौकशी समिती बसली, निलंबन झाले, गुन्हा नोंदवला गेला, मृत बाळांच्या कुटुंबांना राज्य सरकारने प्रत्येकी ५ लाख रुपये जाहीर केले. हे सारे आवश्यकच होते. पण चर्चा झाली ती वायरींची, यंत्रांची आणि रकमेची. ज्यांच्या अंगावरचे दूध अजून आटले नव्हते, त्या मातांच्या मनाचे पुढे काय झाले, याची चर्चा या जिल्ह्यात किती झाली?

ती घटना अपवादात्मक होती, असे कोणी म्हणेल. घटना अपवादात्मक होती, प्रश्न मात्र रोजचा आहे. बाळ सुखरूप असते, पेढे वाटले जातात आणि आई भिंतीकडे तोंड करून पडून असते. बाळ झोपले तरी तिला झोप लागत नाही. जेवण नकोसे होते, बाळाला घ्यावेसे वाटत नाही आणि एके दिवशी जगावेसेही वाटत नाही. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवसांत रडू येणे, मन हळवे होणे सर्वसाधारण आहे. ते बहुधा दोन आठवड्यांत निवळते. त्यापुढेही टिकते तो आजार. वैद्यकशास्त्र त्याला प्रसूतीनंतरचे नैराश्य म्हणते. घर त्याला ‘नाटक’ म्हणते, तर गाव म्हणते ‘बाहेरची बाधा’. सासू म्हणते, आम्हाला काय लेकरे झाली नाहीत? मग मांत्रिक येतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे त्या घराला कोणी सांगितलेले नसते.

हा श्रीमंतांचा, शहरांचा आजार आहे, हा आणखी एक गैरसमज. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१७ साली भारतातील ३८ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात २०,०४३ माता होत्या आणि सुमारे २२ टक्के मातांमध्ये हे नैराश्य आढळले. म्हणजे पाचात एक! गोव्यात झालेला आणि २००२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आपल्यासाठी अधिक बोलका आहे. तिथे २३ टक्के माता नैराश्यग्रस्त आढळल्या. कारणे कोणती? दारिद्र्य, नवऱ्याची मारहाण, बिघडलेला संसार आणि घरात मुलगी असताना पुन्हा झालेली मुलगी. ही यादी वाचल्यावर हा केवळ मेंदूतील रसायनांचा प्रश्न आहे, असे कोण म्हणेल? विषमता मनापर्यंत पोहोचते आणि सर्वात आधी ती बाळंतिणीच्या मनापर्यंत पोहोचते.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. १९२९ साली तो कायदा झाला. हेच बाबासाहेब १९५४ साली याच भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले. आज परिस्थिती काय आहे? २०१७ च्या दुरुस्तीने संघटित क्षेत्रातील नोकरदार स्त्रीला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. पवनी-लाखांदुरात रोवणीला जाणाऱ्या शेतमजूर बाईला एकही आठवडा मिळाला नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने गरोदर व स्तनदा मातेला किमान ६ हजार रुपयांचा हक्क दिला. मातृवंदना योजनेत मात्र पहिल्या बाळाला ५ हजार आणि दुसऱ्या वेळी मुलगी झाली तरच ६ हजार. कायद्याने दिलेले योजनेने कापले!

कायदा नाही, अशी सबब मात्र चालणार नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. कलम १८ प्रमाणे मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क आहे आणि दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला ते मोफत मिळाले पाहिजेत. प्रत्येक जिल्ह्यात किमान सेवा असल्याच पाहिजेत. त्या नसतील, तर जिल्ह्यातील अन्य ठिकाणच्या उपचारांचा खर्च सरकारच्या माथी आहे. कलम २१ सांगते की, दाखल झालेल्या मातेपासून तीन वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे तोडता येणार नाही. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये माता आणि बाळ यांना एकत्र ठेवणारा कक्ष २००९ साली सुरू झाला. कलम २७ मोफत विधी सहाय्य देते. ही कलमे किती आरोग्य केंद्रांच्या भिंतीवर लिहिलेली आहेत?

उलट, दुसरे कायदे तिच्याविरुद्ध वापरणे सोपे आहे. आपण बौद्धही ज्याच्या कक्षेत येतो, त्या हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकार हे घटस्फोटाचे एक कारण आहे. आजाराची उपचारयोग्य अवस्था ‘वेड’ म्हणून अर्जात लिहिली जाऊ शकते. अशा अवस्थेत मातेच्या हातून बाळाचे काही बरेवाईट झाले, तर इंग्लंडमध्ये १९३८ चा स्वतंत्र कायदा तिच्या मनःस्थितीची दखल घेतो. आपल्याकडे तशी तरतूद नाही. भारतीय न्याय संहितेत खुनाचे कलम आहे आणि बचावासाठी मनोविकलतेची अरुंद फट.

उपाय काय? प्रत्येक तालुक्याला मनोविकारतज्ज्ञ मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. रुग्णालयातील बाळंतपणानंतर ४२ दिवसांत आशाताई सहा वेळा घरी जातात. बाळाचे वजन होते, ताप पाहिला जातो. १९८७ साली एडिनबरामध्ये तयार झालेली १० साध्या प्रश्नांची चाचणी त्याच भेटीत आईलाही विचारता येईल. मात्र त्यासाठी आशाताईंना प्रशिक्षण आणि वेगळा मोबदला मिळालाच पाहिजे. पाकिस्तानातील रावळपिंडीच्या खेड्यांत गावपातळीवरच्या आरोग्य सेविकांनी घरी जाऊन नैराश्यग्रस्त मातांशी ठरावीक पद्धतीने संवाद केला. २००८ साली त्याचे निष्कर्ष आले: सहा महिन्यांनी त्या मातांपैकी २३ टक्के नैराश्यात होत्या, तर असा संवाद न मिळालेल्यांत ५३ टक्के. गोव्यात शेजारपाजारच्या स्त्रियांना शिकवून हीच पद्धत वापरली गेली. तिथे फायदा माफक, पण दिसला. आजार तीव्र असेल तर औषध हवेच. आणि बाळंतीण भ्रमात बोलू लागली, नसलेले आवाज ऐकू लागली किंवा तिच्या तोंडी मरणाची भाषा आली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र मोफत सल्ला मिळतो. नवा बापही यातून सुटत नाही. २०१० च्या एका जागतिक आढाव्यात सुमारे १० टक्के पित्यांमध्ये नैराश्य आढळले. त्याला आपल्याकडे गुत्त्याचा रस्ता तेवढा माहीत असतो.

शेवटी आपल्याच घरातला प्रश्न. रमाईच्या त्यागाची गाणी आपण दरवर्षी गातो. बाबासाहेब आणि रमाईंची चार लेकरे गेली. राजरत्न गेला तो १९२६ साली. त्या आईच्या मनावर काय गुदरले असेल, हे आपण किती वेळा विचारले? सोसणाऱ्या आईचा गौरव करताना ‘सोसणे हाच आईचा धर्म’ हे मनुवादी सूत्र आपण नकळत आपल्या लेकी-सुनांवर लादतो आहोत. म्हणून भंडारा जिल्ह्यातील महिला मंडळांनी गावातील प्रत्येक बाळंतिणीच्या घरी सव्वा महिन्यात दोनदा तरी जावे, बाळाआधी आईची विचारपूस करावी आणि विहारात एक रविवार नवऱ्यांना व सासवांना बोलवावे. कार्यकर्त्यांनी कलम १८ खाली जिल्ह्यात कोणत्या सेवा आहेत, हे माहितीच्या अधिकारात लेखी मागावे. उत्तर समाधानकारक नसेल, तर विधी सेवा प्राधिकरणाचे आणि त्यापुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचे दार ठोठावावे. हक्क कागदावर आहे. तो बाळंतिणीच्या खाटेपर्यंत नेणे हे चळवळीचे काम आहे.