हौस तुमची, गाडी आमची

घर बदलताना फ्रिज, पलंग आणि देवघराबरोबर आताशा आणखी एक गोष्ट बाहेर निघते: बिअरच्या बाटल्यांचा संग्रह. घरसामान हलवण्याचा आमचा धंदा आहे, म्हणून मला हे दिसतं. बाणेर, खराडी, हिंजवडीकडून बंगळूरला बदली होऊन निघालेल्या घरात यादी करायला गेलं की एखादं कपाट उघडतं आणि आत कॉर्क लावलेल्या बेल्जियमच्या बाटल्या, जर्मनीहून आणलेल्या, कुणी वाढदिवसाला दिलेल्या. 2009 मध्ये पुण्यात डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली. तेव्हापासून या शहराला बिअरची चव घेऊन बोलायची सवय लागली, आणि चवीमागून संग्रह आला. त्यात मला काही वावगं वाटत नाही. घरमालकाचा पहिला प्रश्न मात्र ठरलेला असतो: ‘‘ताई, फुटणार नाहीत ना?’’

फुटण्याचं काय घेऊन बसलात! तो सगळ्यांत सोपा भाग. प्रत्येक बाटलीला आधी वर्तमानपत्राचा कागद, त्यावर बबल रॅप, मानेला आणि बुडाला एक वेढा जास्त. पाच पदरी पुठ्ठ्याचा खोका घ्यायचा, आत कप्पे असलेला. असे खोके वाईन शॉपवाल्याकडे मागितले तर मिळतात. 650 मिलीची भरलेली बाटली किलोच्या वर भरते, त्यामुळे एका खोक्यात बारा पुष्कळ झाल्या. बाटल्या उभ्याच ठेवायच्या, कारण काही बिअरमध्ये यीस्टचा गाळ तळाशी असतो. आडव्या बाटलीत तो सगळीकडे पसरतो. चिकटपट्टी मारण्याआधी खोका हलवून पाहायचा. आत खुळखुळलं तर पुन्हा उघडायचा. गाडीत खोका कॅबिनच्या बाजूला ठेवायचा, कारण मागच्या टोकाला दणके जास्त बसतात. एवढं केलं की कात्रजपासून बंगळूरपर्यंत काच शाबूत राहते.

बिअर शाबूत राहतेच असं नाही. बंद बॉडीची गाडी एप्रिल-मेच्या दुपारी रस्त्याकडेला उभी राहिली की आतली हवा बाहेरपेक्षा कितीतरी जास्त तापते. तापलेल्या बाटलीत वायूचा दाब वाढतो, हॉप्सचा वास उतरतो आणि बिअरला भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. उजेडाचंही तेच. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतल्या बिअरला ऊन लागलं की हॉप्समधली द्रव्यं बिघडून उग्र वास सुटतो. तपकिरी काच पुष्कळ बचाव करते, पण उष्णतेपुढे तिचाही इलाज चालत नाही. म्हणून हलवायचंच असेल तर डिसेंबर-जानेवारी गाठा आणि गाडी रात्रीची काढा. पोचल्यावर बाटल्या चार-सहा दिवस थंड, अंधाऱ्या जागी उभ्या राहू द्या.

यावर कुणीतरी इतिहास काढतोच: ‘‘अहो, इंग्रजांच्या काळात बिअर विलायतेहून यायचीच की!’’ यायची. सुएझचा कालवा 1869 चा. त्याआधी पिंपं आफ्रिकेला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून, महिनोन्‌महिने समुद्रात काढून मुंबईला लागत. भोर घाटाचा गाडीरस्ता 1830 मध्ये झाला आणि घाटातून रेल्वे 1863 मध्ये आली. इतक्या लांबच्या वाटेसाठी बिअर मुळात तशीच बनवलेली असे. हॉप्स भरपूर घातलेले, कारण ते बिअरला टिकवतात. साहेबाच्या टेबलावरची इंडिया पेल एल त्यातलीच. गोरा शिपाई मात्र काळी पोर्टर जास्त प्यायचा. तुमच्या कपाटातली हलकी, ताजी प्यायची गव्हाची बिअर असल्या प्रवासासाठी जन्मलेली नाही. तिला बंगळूरला नेण्यापेक्षा निरोपाच्या जेवणात मित्रांबरोबर संपवणं हाच तिचा मान.

आता खरी अडचण सांगते. दारू हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे. जीएसटी सगळ्या देशाला एक झाला, पण पिण्याची दारू त्याच्या बाहेर राहिली. प्रत्येक राज्याचं उत्पादन शुल्क वेगळं, नियम वेगळे. त्यामुळे गोव्यात रीतसर बिल देऊन घेतलेली बाटली बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर आली की तिच्याकडे चोरट्या मालासारखं पाहिलं जातं. आपल्याकडे मूळ कायदा 1949 चा, मुंबई दारूबंदी कायदा. नाव आता महाराष्ट्राचं झालं, पण हाड दारूबंदीचंच आहे. म्हणून तर आजही पिण्यासाठी परवाना लागतो, एका दिवसाचा पाच रुपयांत आणि आजन्म हजारात. त्या परवान्यावर परराज्यातला, इथला कर न भरलेला माल आणता येत नाही. तोच 1949 चा कायदा गुजरातमध्ये पूर्ण दारूबंदीसाठी चालतो, आणि तिथे दारूच्या वाहतुकीला दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बडोद्याला बदली झालेल्या माणसाने बाटल्यांचा विषयही काढू नये.

म्हणून गिऱ्हाईक लपवतं. वॉशिंग मशीनच्या ड्रममध्ये, गादीच्या घडीत, तांदळाच्या डब्यात. वर आम्हालाच सांगतात, ‘‘चार बाटल्यांना कोण विचारतंय?’’ विचारलं तर उत्तर कुणी द्यायचं, ते सांगा. तुम्ही विमानाने केव्हाच पोचलेले असता. कागल-कोगनोळीच्या हद्दीवर गाडीजवळ उभा असतो तो ड्रायव्हर. त्याला ड्रममध्ये काय आहे याचा पत्ता नसतो. माल ज्या गाडीतून नेला ती गाडीही जप्त करण्याची तरतूद आमच्या कायद्यात आहे. गाडीवर बँकेचं कर्ज असतं, ड्रायव्हरच्या घरी शाळेची फी भरायची असते. हौस तुमची आणि कोर्टाची तारीख त्याची, हा कुठला न्याय? घरसामान हलवणाऱ्या बहुतेक कंपन्या दारू घ्यायला नकार देतात तो काही सोवळेपणा नसतो.

पण सगळा दोष गिऱ्हाइकावर टाकून मी मोकळी होणार नाही. वापरलेल्या घरसामानाला ई-वे बिल लागत नाही. यादी, ओळखपत्राची प्रत आणि सहीचं पत्र एवढ्यावर अख्खा संसार राज्याबाहेर जातो. परदेशातून येणाऱ्याला दोन लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय आणता येते, म्हणजे 330 मिलीच्या सहा बाटल्या. तो आकडा शाळकरी मुलालाही समजेल इतका सरळ आहे. मग पुण्याहून बंगळूरला घर हलवणाऱ्यासाठी तितकाच सरळ एक अर्ज का नसावा? बदलीचं पत्र किंवा नव्या घराचा करार, बाटल्यांची यादी, गाडीचा नंबर, ठरावीक मर्यादा, दोन राज्यांच्या करातला फरक भरल्याची पावती, आणि नाक्यावर दाखवायला एक कागद. पाच रुपयांचा परवाना ऑनलाइन देणाऱ्या खात्याला हे जड जाऊ नये. तस्कर असला अर्ज करत बसणार नाही. प्रामाणिक माणूस करील, आणि नाक्यावरच्या शिपायालाही कुणाला सोडायचं आणि कुणाला अडवायचं ते कळेल.

हा अर्ज येईपर्यंत माझा सल्ला साधा आहे. हलक्या बिअर निघण्याआधी संपवा. उरलेल्या भरल्या बाटल्या परवाना असलेल्या मित्राकडे इथेच ठेवा. रिकाम्या बाटल्या, लेबलं, बुचं, ग्लास खुशाल न्या. त्यांना कुठलीच हद्द अडवत नाही आणि संग्रहाचा निम्मा आनंद त्यांतच असतो. कुठल्याही भरल्या बाटलीबद्दल आधी दोन्ही राज्यांच्या उत्पादन शुल्क कार्यालयात विचारा आणि उत्तर लेखी घ्या. लेखी मिळालं नाही तर ती बाटली गाडीत चढवू नका. आणि आमच्या माणसांनी खोका उघडून पाहायला मागितला तर राग मानू नका. ती गाडी चालवणाऱ्यालाही संध्याकाळी घरी जायचं असतं.