इंग्रजी शिकवा, पण पोराचे तोंड बंद करून नको



ऊस खात्याच्या माणसाने शाळेच्या कारभारात का पडावे, असे कोणी विचारील. पण लागणीच्या नोंदी घेत बांधावर उभे राहिलो की हल्ली साखर उताऱ्याइतकीच चर्चा पोरांच्या इंग्रजीची निघते. म्हणून हे चार शब्द.

राज्यात पूर्वी इंग्रजी पाचवीपासून असे. २००० सालापासून ते पहिलीपासून आले. यायलाच हवे होते. औषधाच्या बाटलीवरचे बारीक इंग्रजी वाचताना आमचाही पदविकेच्या काळात घाम निघालेला आहे. आमचा विरोध आहे तो वर्गात मराठी बोलल्यास दंड करण्याच्या खुळाला. घरी घडाघडा बोलणारे सहा वर्षांचे पोर वर्गात मुके होते. त्याला कळत नाही असे नव्हे, सांगता येत नाही. शेरा मात्र बसतो : कच्चा.

आम्ही मूळचे खालापूरकडचे. तिकडे व शेजारच्या कर्जत तालुक्यात ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. कातकरी पोराची घरची बोली निराळी; त्याला पुस्तकी मराठीच आधी परकी, वर इंग्रजी. त्यात दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर निघाले की पोरही जाते, ते पावसाच्या तोंडावर परतते. आपल्या फडात येणाऱ्या तोडणीवाल्यांच्या पोरांचे तरी काय वेगळे आहे?

एक डोळा रोप ट्रेमधून काढून सरीत लावताना मुळाभोवतीचा गड्डा आपण फोडतो का? तसेच हे. वस्तू हातात द्यावी, पोराला तिचे नाव घरच्या बोलीत सांगू द्यावे, मग मराठी, मग इंग्रजी शब्द. गोष्ट आधी मराठीत, तीच पुन्हा इंग्रजीत. सुरुवातीचे काही महिने पोराने नुसते बोट दाखवले तरी ते उत्तर धरावे. शेजारी जरा पुढे गेलेले पोर बसवावे. गणित मात्र कळत्या भाषेतच, त्यात तडजोड नको.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही शक्यतोवर मातृभाषेतून शिकवावे असेच म्हटले आहे. त्याच कायद्याने जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत पाऊण हिस्सा पालकांचा असतो. ऊसदराच्या सभेला आपण मंडप भरतो आणि या सभेला सही करून निघतो. पुढच्या खेपेस बसा आणि दोनच गोष्टी विचारा : पहिलीतल्या पोराला घरच्या बोलीत उत्तर द्यायची मुभा आहे काय? आणि फडाशेजारच्या कोप्यांतली पोरे पटावर घेतली काय?