जामदारखान्याच्या किल्ल्या

तारण मालाची तपासणी कर्जदाराच्या हाती सोपवू नये, हा बँकेतला पहिला धडा. मी तो तीसएक वर्षे गिरवला. सिगारेट कंपन्यांनीच मुलांना ‘सिगारेट ओढू नका’ म्हणून शिकवावे, हे मला म्हणूनच पटत नाही. अमेरिकेत १९९८ साली फिलिप मॉरिसने दूरचित्रवाणीवर अशी मोहीम काढली. त्याच कंपनीच्या १९८१च्या अंतर्गत अहवालात मात्र आजची पोरे हीच उद्याची गिऱ्हाइके, असा हिशेब मांडलेला होता! २००२च्या एका अभ्यासात ही मोहीम पाहिलेल्या मुलांचा कल सिगारेटकडे अधिक झुकलेला आढळला. नवल ते काय? ‘हे मोठ्यांचे काम’ म्हटले, की सोळा वर्षांच्या पोराला ते आमंत्रणच वाटते.

भारताने २००४ साली स्वीकारलेल्या जागतिक तंबाखू नियंत्रण कराराची २००८ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, की उद्योगाच्या असल्या उपक्रमांना सरकारांनी थारा देऊ नये. सिगारेटवरचा कर वाढला, की मुलांचा हात आपोआप आखडतो. पण नेमक्या त्या करवाढीलाच कंपन्या विरोध करतात. तेव्हा त्यांच्या पैशाने छापलेली भित्तिपत्रके शाळेत आली, तर मुख्याध्यापकांनी ती साभार परत करावीत.